इनटेक मॅनिफोल्ड परत परत लीक होतोय? प्लास्टिकला दोष द्यायच्या आधी हे तपासा

इनटेक मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरला हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याचे, लीक मी बरीच वर्षं काढतोय आणि गाडीवाल्याचा पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो, प्लास्टिकचा आहे म्हणूनच गेला ना, मग आता ॲल्युमिनियमचाच टाकू का? माझं मत आधीच सांगतो. मॅनिफोल्ड कशाचा बनलाय यापेक्षा त्यातून काय जातंय हे जास्त बघायला हवं. ज्या प्लास्टिक मॅनिफोल्डमधून फक्त हवा जाते तो बहुतेक वेळा गाडीइतकाच टिकतो. ज्यातून गरम कूलंट किंवा इजीआरचा (एक्झॉस्टचा थोडा भाग परत इंजिनमध्ये आणणारी सोय) तापलेला गॅस जातो तो त्रास देतो. आणि बऱ्याच गाड्यांत तर मॅनिफोल्डला काहीच झालेलं नसतं, गेलेलं असतं त्याचं पॅकिंग, म्हणजे सांध्यातलं सील, नाही तर शेजारचा एक वीतभर रबरी पाईप. मॅनिफोल्ड बदलला की योगायोगाने तो पाईप नीट बसतो, काही दिवस गाडी बरी चालते आणि मग परत तेच सुरू.

म्हणून सोप्यापासून अवघडाकडे जा, मधली पायरी गाळू नका.

लक्षणं

गाडी उभी असताना आरपीएम वर-खाली होतो, किंवा नेहमीपेक्षा वरच अडकून राहतो. सकाळी गार इंजिन मिसिंग करतं आणि गरम झालं की आपोआप सुधारतं, हे तर पॅकिंग कडक झाल्याचं अगदी ठळक लक्षण, कारण गार असताना रबर आकसलेलं असतं आणि मॅनिफोल्ड तापून थोडा पसरला की फट बुजते. बॉनेट उघडल्यावर बारीक शिट्टी किंवा फुसफुस ऐकू येते. चेक इंजिन लाईट लागते आणि कोड येतो पी०१७१, व्ही इंजिन (सिलिंडरच्या दोन रांगा, म्हणजे दोन बँक) असेल तर जोडीला पी०१७४, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. कधी पी०३०० किंवा एखाद्याच सिलिंडरच्या मिसफायरचा कोड. टर्बो गाडीत पिकअप पडतो आणि पी०२९९ येतो.

कूलंटवाल्या मॅनिफोल्डची लक्षणं वेगळी. खाली थेंब नाही, पाईप कोरडे, तरी बाटलीतली लेव्हल हळूहळू उतरत जाते. स्टार्ट केल्यावर थोडा वेळ पांढरा गोडसर वासाचा धूर. ऑइल कॅपच्या आतून दुधाळ चिकटा. यातलं काही असेल तर पुढच्या तपासण्या करत बसायच्या आधी "कुठे थांबायचं" हा भाग वाचा, कारण तिथे गाडी चालवत राहण्यानेच खर्च वाढतो.

हाताने आणि कानाने, फुकटात

सुरुवात इंजिन गार असताना करा. आधी कूलंटची लेव्हल बघून खूण करून ठेवा, पुढे लागणार आहे.

मग एअर फिल्टर बॉक्सपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा (ॲक्सिलरेटरप्रमाणे हवा कमी-जास्त सोडणारी झडप) जाड रबरी पाईप बघा. नुसता वरून बघून चालत नाही, तो हाताने वाकवा आणि प्रत्येक घडीचा तळ उजेडात बघा, खालच्या बाजूच्या घड्या तर नक्कीच. चीर तिथेच पडते आणि पाईप सरळ असताना ती मिटलेली असते. गिअर टाकला, इंजिन माउंटिंगवर थोडं कललं की उघडते. म्हणूनच अशी गाडी न्यूट्रलला छान चालते आणि रिव्हर्स टाकला की थरथरते. या पाईपची चीर एअर फ्लो सेन्सरच्या पुढे असल्यामुळे तिथून आत गेलेली हवा मोजलीच जात नाही, इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, तेवढं पेट्रोल कमी सोडतो आणि कोड थेट मॅनिफोल्ड लीकसारखाच येतो. मला सगळ्यात जास्त वेळा सापडणारी गोष्ट हीच, आणि मॅनिफोल्डच्या पुढे तिचा खर्च काहीच नाही.

त्यानंतर मॅनिफोल्डला लागलेले सगळे छोटे व्हॅक्यूम होज. टोकं बोटाने दाबून बघा. कडक झालेल्या होजचं तोंड मोठं होऊन सैल बसतं, तेवढं टोक कापून परत घट्ट बसवलं की बऱ्याचदा काम होतं. ज्या नळीवर होजच नाही तिच्यावर रबरी टोपी असते, ती भेगाळलेली असते किंवा गायब असते, आणि मागच्या बाजूला असल्याने कुणी बघतच नाही.

आता इंजिन चालू करा. ब्रेक पेडल दाबून धरा. आरपीएम बदलला किंवा पेडलपाशी हवेचा आवाज आला तर ब्रेक बूस्टर किंवा त्याचा पाईप गेलाय. ही सेफ्टीची गोष्ट आहे, ती आधी दुरुस्त करा, मॅनिफोल्ड नंतर.

पीसीव्ही, म्हणजे क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह, बघायला डिपस्टिक थोडी वर ओढा. शिट्टीचा आवाज लगेच थांबला किंवा एकदम बदलला तर पीसीव्हीचा डायफ्राम फाटलाय, हल्ली तो बऱ्याच इंजिनांत टॅपेट कव्हरच्या आतच असतो. ऑइल कॅप काढल्यावर थोडं आयडल (गाडी उभी असतानाचं इंजिनचं चालणं) बिघडणं बऱ्याच गाड्यांत नॉर्मल आहे, पण कॅप ओढून काढावी लागेल इतका आत खेच असेल तर ते नॉर्मल नाही.

आणि पर्ज व्हॉल्व्ह. पेट्रोल टाकीची वाफ मॅनिफोल्डमध्ये सोडणारा हा छोटासा व्हॉल्व्ह उघडा अडकला की आयडल बिघडतं आणि टाकी फुल केल्यावर गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते. कॅनिस्टरकडून (टाकीची वाफ साठवणारा डबा) येणारा पाईप व्हॉल्व्हवरून काढून तिथे अंगठा लावा. इंजिन नुकतंच स्टार्ट झालंय, अजून गार आहे, तेव्हा व्हॉल्व्ह बंद असायला हवा, अंगठा ओढला गेला तर तो अडकलाय.

एवढ्यात काही सापडलं तर तिथेच थांबा, दुरुस्त करा, कोड क्लिअर करा आणि काही दिवस गाडी चालवून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, चार पार्ट एकदम बदलले की नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही आणि परत तीच तक्रार आली की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

स्कॅनर लावून

साधा ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनरही चालतो, फक्त त्यात लाइव्ह डेटा दिसायला हवा. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) या दोघांची बेरीज करायची. आयडलला बेरीज अधिक १५–२० टक्के आहे आणि २५०० आरपीएमला धरून ठेवलं की ३–४ टक्क्यांवर येते, असं दिसलं तर लीक थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डच्या बाजूला आहे. कारण सरळ आहे, फट तेवढीच राहते, पण आयडलला इंजिन मुळातच कमी हवा घेतं म्हणून चोरून आलेल्या हवेचा वाटा मोठा असतो, आरपीएम वाढला की तो वाटा नगण्य होतो. याच्या उलट, आयडलला ठीक आणि लोडवर ट्रिम वाढतोय, तर मॅनिफोल्डचा विचार सोडा आणि फ्युएल पंप, फिल्टर, एअर फ्लो सेन्सर यांच्याकडे वळा.

व्ही इंजिनात एकाच बँकचा ट्रिम वाढलेला असेल तर त्या बाजूचं पॅकिंग संशयित, दोन्हींचा वाढला असेल तर दोघांना सामायिक असलेला भाग.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ज्या गाडीत एअर फ्लो सेन्सर नाही, फक्त मॅप सेन्सर आहे, तिथे हे गणित असं दिसत नाही. मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब मोजतो, त्यामुळे लीकची हवाही त्याच्या हिशोबात येते, इसीयू तेवढं पेट्रोल वाढवतो आणि ट्रिम जवळपास नॉर्मल दिसतो, फक्त आयडल चढतं. ट्रिम चांगला आहे म्हणून लीक नाही असं अशा गाडीत म्हणू नका. तिथे मॅपचं रीडिंग बघा. गरम इंजिन, एसी बंद, आयडलला समुद्रसपाटीच्या आसपास ते साधारण ३० ते ४० किलोपास्कल असतं, त्याच्या बरंच वर असेल तर हवा कुठून तरी घुसतेय.

व्हॅक्यूम गेज असेल तर समुद्रसपाटीला पाऱ्याचे १७ ते २२ इंच आणि स्थिर काटा हवा. उंचावर राहत असाल तर दर ३०० मीटरला साधारण एक इंच कमी धरा. काटा खाली पण स्थिर असेल तर लीक, काटा ठराविक तालात झटके देत असेल तर व्हॉल्व्हची भानगड असू शकते आणि ते काम मॅनिफोल्डचं नाही. ज्या इंजिनात हवा थ्रॉटलऐवजी व्हॉल्व्हच्या उचलीवरून कंट्रोल होते तिथे व्हॅक्यूम मुळातच कमी असतो, त्याला हे आकडे लावू नका.

पाणी, धूर, प्रेशर

पुष्कळ जण कार्ब क्लीनर मारून लीक शोधतात. मी कुणालाच सांगत नाही. शेजारी तापलेला एक्झॉस्ट असतो, ऑल्टरनेटर असतो, आणि तो स्प्रे पेट घेतो. न पेटवलेला गॅस सोडायची पद्धतही तितकीच धोक्याची. साध्या पाण्याची बारीक फवारणी करा, मॅनिफोल्ड आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) जिथे मिळतात त्या सांध्यावर एकेका सिलिंडरपाशी थोडीथोडी. फट असेल तर पाणी आत खेचलं जातं, शिट्टीचा सूर बदलतो किंवा आयडल क्षणभर सुधारतं. कॉइल, ऑल्टरनेटर, कनेक्टर आणि तापलेला एक्झॉस्ट यांच्यावर पाणी जाऊ देऊ नका. डिझेल गाडीत ही पद्धत वापरायचीच नाही, तिथे आयडलला मॅनिफोल्डमध्ये खास व्हॅक्यूमच नसतो, लीक असेल तर बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, असताना हवा बाहेर जाते आणि सांध्याभोवती तेलकट काळी धूळ चिकटलेली दिसते.

खात्रीचा उपाय म्हणजे स्मोक टेस्ट. इनटेकमध्ये अगदी कमी दाबाने, साधारण ०.०७ बारपर्यंत, धूर सोडायचा आणि कुठून बाहेर येतो ते बघायचं. वर्कशॉपमध्ये हे करून घेतलं तर थोडाफार खर्च आहे, पण मॅनिफोल्ड अंदाजाने बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. घरी कॉम्प्रेसरची हवा सरळ सोडायचा प्रयोग मात्र करू नका. त्या हवेला ६–८ बार दाब असतो, त्याने प्लास्टिक मॅनिफोल्डचा जोड उघडेल आणि पीसीव्हीतून दाब क्रँककेसमध्ये जाऊन क्रँकचे ऑइल सीलही बाहेर येतील.

गार इंजिनवर लीक दिसतो आणि गरमवर नाही, असं असेल तर स्मोक टेस्ट रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर करून मागा. गाडी चालवत नेली आणि लगेच टेस्ट केली तर "लीक नाही" असा निकाल येणार आणि तुम्ही परत परत त्याच चक्रात फिरणार.

कूलंट कमी होत असेल तर कूलिंग सिस्टीमला हातपंपाने रेडिएटर कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंत प्रेशर द्या आणि अर्धा तास तसंच सोडा. व्ही इंजिनात मॅनिफोल्डच्या खाली, दोन हेडच्या मधल्या खड्ड्यात कूलंट साचतं, बाहेरून दिसत नाही, टॉर्च घालून बघावं लागतं. सोबत बाटलीच्या तोंडावर निळ्या द्रवाची गॅस टेस्ट करून घ्या. निळा रंग पिवळा झाला तर कंबश्चनचा गॅस कूलंटमध्ये येतोय, म्हणजे हेड गॅस्केट किंवा हेड. रंग निळाच राहिला आणि कूलंट तरी गायब होतंय, तर इनटेकच्या बाजूचा संशय पक्का होत जातो. हा फरक कळल्याशिवाय काहीही खोलू नका.

आतले फ्लॅप

कोड पी२००४ ते पी२००६ किंवा पी२०१५ असेल तर लीक शोधत बसू नका, तो मॅनिफोल्डच्या आत फिरून हवेची वाट बदलणाऱ्या फ्लॅपचा विषय आहे. आणि इथेच प्लास्टिक विरुद्ध धातू हा वाद किती फसवा आहे ते दिसतं. मर्सिडीजच्या एम२७२ या व्ही६ इंजिनाचा मॅनिफोल्ड मॅग्नेशियमचा आहे, मोडतो तो त्याच्या बाहेरचा प्लास्टिकचा लिव्हर. बीएमडब्ल्यूच्या एम४७ आणि एम५७ डिझेलमध्ये मॅनिफोल्ड टिकून राहिले, पण आतले स्वर्ल फ्लॅप तुटून सिलिंडरमध्ये गेल्याच्या तक्रारी गाजल्या.

बाहेरचा लिव्हर हाताने हलवून बघा, पूर्ण फिरतो का, ढिला वाजतो का, ॲक्च्युएटर त्याला हलवतो का. कार्बनने अडकलेला असेल तर मॅनिफोल्ड काढून साफ करता येतो. फ्लॅपचा तुकडा किंवा स्क्रू जागेवर नाही असं दिसलं, तर इंजिन परत स्टार्ट करू नका.

कुठे थांबायचं

स्मोक टेस्टसारखं एखादं काम सोडलं तर इथपर्यंतचं सगळं घरी जमतं. पुढे मॅनिफोल्ड खोलायचाय, आणि काही ठिकाणी सरळ हात मागे घ्यायचा.

स्टार्टर मारल्यावर इंजिन एकदम ठक् करून अडकलं आणि कूलंट कमी होत होतं, तर परत किल्ली फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं असू शकतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टो करून न्या.

ऑइल दुधाळ असेल तर गाडी एक किलोमीटरही चालवू नका, ते मिश्रण बेअरिंग खातं. डिझेल असो की डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल, मॅनिफोल्ड काढायला हाय प्रेशर फ्युएल पाईप सोडावा लागत असेल तर ते काम माहीतगाराचंच. कॉमन रेलमध्ये दाब १६०० बारच्या वर जातो, त्याची बारीक धार कातडीतून आत शिरते. मॅनिफोल्डचा बोल्ट हेडमध्ये तुटला किंवा हेडचे आटे गेले तर तिथेच थांबा, तिरकं भोक पाडलं की हेड उतरवावं लागतं. सरळ भोक पाडून हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची स्प्रिंग) बसवणं मशीन शॉपवाल्याला रोजचं आहे. आणि गरम इंजिनची कूलंट कॅप कुणीही उघडायची नाही, अनुभवी मेकॅनिकनेसुद्धा.

खोलल्यावर काय बघायचं

बॅटरीची निगेटिव्ह काढा, फ्युएल प्रेशर सोडा, प्रत्येक होजचा फोटो काढा. मॅनिफोल्ड उचलला की त्याच क्षणी हेडची सगळी तोंडं स्वच्छ कापडाने बंद करा. एक वॉशर आत पडला की काम दुप्पट होतं.

जुनं पॅकिंग फेकायच्या आधी दोन मिनिटं उजेडात धरून बघा. चांगल्या सीलचा ठसा सगळीकडे सारख्या रुंदीचा आणि स्वच्छ असतो. जिथे लीक होता तिथे त्या ठशाला आडवी, आतून बाहेर जाणारी काळपट धुळीची रेघ असते. ही रेघ सापडली की निदान पक्कं. प्लास्टिक मॅनिफोल्डच्या खाचेत बसणारं रबरी सील नवीन असताना खाचेच्या वर उठलेलं दिसतं, जुनं झालं की खाचेच्या बरोबरीला येतं आणि नखाने दाबलं तर दबत नाही. असं सील कितीही आवळलं तरी हवा धरत नाही.

प्लास्टिकमध्ये तीन जागा बघायच्या. बोल्टच्या भोकातल्या धातूच्या बुशभोवती केसासारख्या चिरा, पीसीव्ही किंवा बूस्टरची नळी जिथे निघते तिचं बूड, आणि मॅनिफोल्डचे दोन अर्धे जिथे वेल्ड केलेत तो जोड. जोडावर दोन्ही अंगठ्यांनी हलका दाब द्या, चीर असेल तर तेलाची बारीक रेघ वर येते. बॅकफायर (इनटेकमध्येच मिश्रण पेटणं) झालेल्या गाडीत हा जोड हमखास बघा, खास करून मिक्सर पद्धतीचं गॅस किट असेल तर, कारण तिथे सगळा मॅनिफोल्ड पेटू शकणाऱ्या मिश्रणाने भरलेला असतो.

ॲल्युमिनियममध्ये चीर क्वचित. तिथे कूलंटच्या भोकाभोवतीची पांढरी भुकटी खरवडून खाली किती खड्डे पडलेत ते बघा. खड्डा पॅकिंगच्या कड्याखाली पोचला असेल तर नवीन पॅकिंगही लीक होणार. वर्षानुवर्षं न बदललेलं कूलंट हेच त्याचं कारण, त्यातले गंज रोखणारे घटक संपलेले असतात.

मग स्टीलची सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन फेस तपासा, लांबीत आणि तिरकं. किती बाक चालतो हे मॅन्युअलमध्ये असतं, ०.१ मिलिमीटरच्या वर गेलं की मी तरी सावध होतो. ॲल्युमिनियम असेल तर मशीन शॉपमध्ये फेसिंग होतं, पण व्ही इंजिनाचा मॅनिफोल्ड जास्त घासला तर तो खाली बसतो आणि बोल्टची भोकं जुळत नाहीत, ते आधी विचारून घ्या. प्लास्टिकला फेसिंग नाही, बदलायचा. चिरेवर इपॉक्सी लावायचाही उपयोग नाही, तेल मुरलेल्या नायलॉनला तो धरत नाही, आणि सुटलेला तुकडा इंजिनच्या आत जातो.

मग प्लास्टिक की ॲल्युमिनियम

हे प्लास्टिक म्हणजे साधं प्लास्टिक नाही, साधारण ३० टक्के काचेचे तंतू घातलेलं नायलॉन ६ किंवा ६६ असतं. नायलॉन ६ वितळतं २२० अंश सेल्सिअसच्या आसपास, नायलॉन ६६ २६० अंशांच्या आसपास. वजन बरंच कमी, आतली भिंत गुळगुळीत, आणि ॲल्युमिनियम त्याच्यापेक्षा शेकडो पट जास्त उष्णता वाहून नेतं त्यामुळे प्लास्टिकमधली हवा गार राहते, हे खरे फायदे आहेत. नुसती हवा असेल तर बॉनेटखालची उष्णता ते सहज सोसतं. गरम कूलंट, म्हणजे ग्लायकॉलचं पाणी, मात्र नायलॉनच्या आतपर्यंत मुरून त्याला हळूहळू ठिसूळ करतं, आणि इजीआरचा गॅस तर त्याला स्थानिक पातळीवर सरळ भाजतो.

याची दोन गाजलेली उदाहरणं. जनरल मोटर्सच्या ३८०० सीरिज दोन या व्ही६ मध्ये इजीआरची गरम नळी प्लास्टिकच्या वरच्या मॅनिफोल्डमध्ये घुसते, शेजारीच कूलंटची वाट. नळीभोवतीचं प्लास्टिक झिजलं की कूलंट सरळ इनटेकमध्ये. सीरिज तीनमध्ये वरचा मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा केला. दुसरं, फोर्डच्या ४.६ लिटर व्ही८ चा १९९० च्या दशकातला मॅनिफोल्ड, त्यात पुढची कूलंटची आडवी वाटही प्लास्टिकचीच होती आणि नेमकी तीच तडकायची. सुधारलेल्या मॅनिफोल्डमध्ये फक्त तेवढी आडवी वाट ॲल्युमिनियमची केली, बाकीचा प्लास्टिकचाच ठेवला, आणि त्याने प्रश्न सुटला. म्हणजे दोष कुठे होता ते उघड आहे.

आता उलट बाजू. जनरल मोटर्सच्याच ३.१ आणि ३.४ लिटर व्ही६ मध्ये खालचा मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा आणि तरी कूलंट लीकसाठी बदनाम, कारण पॅकिंगची चौकट नायलॉनची होती. शिवाय हेड बिडाचं असेल तर ते आणि ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड सारखे वाढत नाहीत. ४०० मिलिमीटरचा मॅनिफोल्ड ८० अंशांनी तापला तर ॲल्युमिनियम साधारण ०.७४ मिलिमीटर वाढतं आणि बीड ०.३५, हा फरक प्रत्येक वेळी पॅकिंगला घासतो.

त्यामुळे माझा सल्ला असा. तुमच्या प्लास्टिक मॅनिफोल्डमधून फक्त हवा जात असेल तर सील बदला, गरज पडली तर तोच कंपनीचा मॅनिफोल्ड टाका, ॲल्युमिनियमच्या मागे लागू नका. रनरची (प्रत्येक सिलिंडरकडे जाणारी नळी) लांबी, मॅप सेन्सरची जागा, फ्लॅप, काहीही जुळलं नाही तर नवीन कोड सुरू होतील. कूलंट किंवा इजीआर जात असेल आणि त्या इंजिनासाठी धातूच्या वाटेचा सुधारित पार्ट मिळत असेल, तर तोच घ्या, त्याच नमुन्याचा जुना प्लास्टिक पार्ट दुसऱ्यांदा बसवू नका. आणि स्वस्तातला नकली मॅनिफोल्ड कधीच नको, त्याचा फेस पिशवीतून काढतानाच वाकडा असतो असे मी पाहिलेत.

बसवताना

फेस प्लास्टिकच्या खरवडणीने साफ करा. ड्रिलला लावायची घासणारी डिस्क वापरू नका, तिची बारीक भुकटी ऑइलमध्ये जाऊन बेअरिंग खराब करते. ॲल्युमिनियम मॅनिफोल्ड कॉस्टिकच्या पाण्यात बुडवू नका, कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. प्लास्टिकला कडक सॉल्व्हंट नको.

खाचेतल्या रबरी सीलला सिलिकॉन लावू नका, सील घसरतं. मॅन्युअलमध्ये कोपऱ्यांवर थेंब लावायला सांगितला असेल तर तेवढाच.

बोल्ट मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच. प्लास्टिक मॅनिफोल्डच्या एम६ बोल्टचा टॉर्क साधारण ८ ते १२ न्यूटन मीटरच असतो, मनगटाच्या अंदाजाने आवळणाऱ्याला तो फारच कमी वाटतो आणि तो अजून एक चाप देतो. त्या चापाच्या आधीच धातूची बुश हेडला टेकलेली असते, त्यामुळे सील आणखी दबत नाही, फक्त हेडचे आटे जातात किंवा बुशभोवती चीर पडते. वर्षभराने "परत लीक" म्हणून आलेल्या किती तरी गाड्यांत मला हेच दिसलंय. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमधून काढा.

काम झालं की कोड क्लिअर करा, फ्युएल ट्रिम रीसेट करा, गाडीला लागत असेल तर आयडल रीलर्न (इसीयूला आयडल नव्याने शिकवणं) करा. कूलंट काढलं असेल तर सिस्टीममधली हवा नीट काढा, नाही तर हवेचा बुडबुडा अडकून गाडी तापेल आणि तुम्ही परत मॅनिफोल्डवर संशय घ्याल. आठवडाभर रोजच्यासारखी गाडी चालवा, मग दोन गोष्टी बघा, गरम इंजिनवर आयडलचा ट्रिम अधिक-उणे पाच टक्क्यांच्या आसपास आलाय का आणि सकाळी गार इंजिनवर कूलंट तुम्ही केलेल्या खुणेवरच आहे का. ट्रिम अजूनही वर असेल तर बोल्ट परत आवळायला जाऊ नका, स्मोक टेस्ट परत करून घ्या.